शाळेची सहल आणि स्पर्शाचा प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की महाराष्ट्रातल्या शाळांतून सहलीची वर्गणी गोळा होऊ लागते. शिवनेरी, रायगड, प्रतापगड, अजिंठा, वेरूळ, दौलताबाद ही ठिकाणे ठरलेली. एस.टी.च्या गाड्या ठरतात, पालकांच्या सह्या घेतल्या जातात आणि पहाटेच्या अंधारात गाव मागे पडते. आपल्या समाजातील पुष्कळ मुलांची इतिहासाशी समोरासमोर गाठ पडते ती एवढीच, आणि बहुधा आयुष्यात एकदाच. पाठ्यपुस्तकांची चिकित्सा आपल्या चळवळीने केली. कोणत्या धड्यात कोण आहे आणि कोण वगळला गेला, हे आपण मोजून दाखवले. सहलीकडे मात्र आपण वळून पाहिले नाही. ती मौजमजेची बाब म्हणून सोडून दिली. वास्तविक सहल हीही एक संहिताच आहे. तिला लेखक आहे, निवेदक आहे. काय दाखवायचे आणि कशासमोरून गाडी न थांबवता न्यायची, हे तिच्यात आधीच लिहिलेले आहे.

ह्या संहितेचा लिखित अवतार म्हणजे 'आमची सहल' हा निबंध. तो आपण सर्वांनी लिहिलेला आहे. पहाटे गाडी सुटली, गाण्याच्या भेंड्या रंगल्या, गड दिसू लागताच सर्वांनी जयघोष केला, सरांनी माहिती सांगितली, पूर्वजांचा पराक्रम आठवून ऊर भरून आला, आणि रात्री उशिरा आम्ही थकून पण आनंदाने घरी परतलो. गाव बदला, साल बदला, मुलाची जात बदला, निबंध तोच राहतो. त्यात डोळे आहेत, पाय आहेत, ऊर आहे, हात नाहीत. मूल तिथे दर्शनाला गेलेले असते. देवळात जसे हात जोडून उभे राहायचे, तसे इतिहासापुढे. रायगडावर राबलेल्या माणसांपैकी गाईडच्या तोंडी हमखास येते ती एकटी हिरकणी, आणि तीही तान्ह्यासाठी कडा उतरणारी आई म्हणून. पोटासाठी दुधाचे ओझे घेऊन गड चढणारी बाई म्हणून तिची चौकशी कुणी करत नाही. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गडाचे बांधकाम करवून घेणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. ते नाव पायरीवर आहे ह्याचे सर्वांना कौतुक. ती पायरी घडवणाऱ्याचे नाव काय, हा प्रश्न निबंधाच्या चौकटीत बसत नाही.

ह्या नुसत्या पाहण्याविरुद्ध आता एक नवी लाट आलेली आहे. 'हात लावा, करून पाहा, अनुभवातून शिका' अशी तिची घोषणा. शहरातील सुखवस्तू शाळांची मुले जुन्या वाड्यात नेली जातात. तिथे ती जाते ओढतात, रहाटाने पाणी शेंदतात, कुंभाराच्या चाकावर बोटे बरबटून घेतात, मावळ्याचा वेश करून फोटो काढतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ह्या दिशेला सरकारी मान्यताही दिली आहे. सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना काढावेत आणि सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन शिकावे, असे त्यात म्हटले आहे. हे वाचून प्रस्तुत लेखकाला प्रथम आनंद झाला. हाताला ज्ञान असते ही गोष्ट ह्या देशात कागदावर मान्य व्हायला किती शतके लागली! पण आनंद फार वेळ टिकला नाही. ज्या समाजात स्पर्श हाच धर्मशास्त्राचा विषय होता, कुणाचा हात कशाला लागला म्हणजे काय बाटते ह्याचे नियम होते आणि नियम मोडल्यास दंड होता, त्या समाजात 'हात लावून पाहा' हे वाक्य निरागस असू शकत नाही. कुणाचा हात? कशाला? आणि पूर्वी तो का लागू दिला नाही? हे तीन प्रश्न गाळून हाताचे शिक्षण सुरू झाले, तर ते जुन्या दर्शनापेक्षाही अधिक फसवे ठरेल.

ऐतिहासिक स्थळाची सहल आणि स्पर्श ह्यांचा संबंध काय आहे हे स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या त्यांच्या आठवणींमध्ये १९३४ सालची एक सहल आहे. सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रदेश निजामाचा. दिवस रमजानचे. प्रवासाने सगळ्यांची तोंडे धुळीने माखलेली. किल्ल्याबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले एक लहानसे तळे होते, त्याला फरसबंदी होती. काही जणांनी सहज हातपाय, तोंड धुतले. मंडळी दरवाजाशी पोहोचतात तोच मागून एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले, की ह्या लोकांनी तळे बाटवले. लोक जमले, शिवीगाळ झाली, स्थानिक अस्पृश्यांनाही त्यात ओढले गेले. एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही ह्या पाण्याला अडवाल का, ह्या बाबासाहेबांच्या प्रश्नावर जमाव गप्प झाला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली. अट एकच: आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर नजर ठेवायला एक हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला.

आमच्या मते भारतातील ऐतिहासिक स्थळांच्या सहलीचे ह्याहून नेमके वर्णन दुसरे नाही. पाहा, पण हात लावू नका. किल्ला जितका यादवांचा, तुघलकांचा, निजामशाहीचा, तितकाच तो त्या शिपायाचाही आहे. परंतु आजही शेकडो शाळांच्या सहली दौलताबादला जातात, अंधारीत चाचपडतात, तोफेजवळ उभ्या राहतात, आणि १९३४ची ती सहल ह्याच दरवाजातून आत गेली होती हे एकाही मुलाला सांगितले जात नाही. इथे हाताने शिकायचे असेल तर ते फार सोपे आहे. मुलांना पाण्यापाशी उभे करावे, हात पुढे करायला सांगावे, आणि लावू मात्र देऊ नये. पाच मिनिटे. मग बाबासाहेबांची ती दोन-तीन पाने वाचून दाखवावीत. ह्यात कुणा एका धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा प्रश्न नाही. जातीचा रोग ज्या धर्मात उगवला त्याच्या कुंपणाबाहेरही तो कसा पसरला, हे बाबासाहेबांनी त्या प्रसंगातून दाखवले आहे, आणि तेवढे समजण्याइतकी आठवीची मुले शहाणी असतात. शहाणपण कमी पडते ते सहलीचा मार्ग आखणाऱ्यांचे.

मार्गाचा विषय निघालाच आहे तर महाडचे सांगितले पाहिजे. रायगडाला जाणाऱ्या कित्येक गाड्या महाडवरून जातात. गड तिथून पंचवीसेक किलोमीटरवर. महाडला चहा होतो, मुलांना मोकळे व्हायला सोडतात, आणि गाडी पुढे निघते. चवदार तळे गावातच आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे कागदावर तळे मोकळे होते. तरी तीन वर्षे एकही अस्पृश्य हात त्या पाण्याला लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, हजारो माणसांनी घेतले. त्यानंतर मारहाण झाली, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही ह्यांचे १०८ घडे ओतून तळे शुद्ध करण्यात आले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कोर्टकज्जा चालला तो १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत. जगाच्या पाठीवर हाताच्या स्पर्शासाठी इतकी वर्षे भांडावे लागलेली ठिकाणे किती असतील? ते ठिकाण वाटेवर आहे, आणि गाडी थांबत नाही. ड्रायव्हरला उशीर होतो म्हणतात.

आता कुणी म्हणेल, थांबवू गाडी. सगळ्या मुलांना रांगेने तळ्याच्या पाण्याला हात लावायला लावू. लावावा. पण सावधपणे. ज्या मुलाला जन्मात कुणी कुठल्या पाण्यावर अडवले नाही, त्याच्या हाताला ते पाणी गारच लागणार. दुसरे काय? त्याला वाटेल, आपणही सत्याग्रह केला. आणि ज्याच्या आजीला विहिरीच्या कठड्याखाली घागर घेऊन ताटकळत उभे राहावे लागले, कुणी वरून ओतील तेव्हा ओतील, त्या मुलाच्या हाताला काय लागेल? ते त्याचे त्यालाच ठाऊक, आणि वर्गासमोर त्याने ते बोलून दाखवावे अशी सक्ती शिक्षकाने करता कामा नये. एकच कृती, दोन हात, दोन अर्थ. हा फरक झाकून 'आपण सारे समान' म्हणत फोटो काढणे म्हणजे त्या १०८ घड्यांत आणखी एकाची भर घालणे आहे. त्यापेक्षा मुलांपुढे १९२४चा ठराव ठेवावा आणि विचारावे: कागदावर तळे खुले झाल्यावर मधली तीन वर्षे कोण कुणाला घाबरत होते?

वाड्यातल्या जात्याचीही तीच गत. पाच मिनिटे जाते ओढून मुलांचे दंड भरून येतात, ती हसतात, बाई टाळ्या वाजवतात. दळणारीण अंधारात उठायची ते टाळ्यांसाठी नव्हे. रहाटाचे तर विचारूच नये. त्या वाड्याच्या आडावर कोणाला येऊ देत नसत, हा त्या आडाचा सर्वांत ठळक इतिहास. आणि नेमका तोच दोर-बादलीच्या खेळात बुडून जातो. शिवाय हाताच्या गौरवाची आपल्याला वेगळी धास्ती आहे. १९३७च्या वर्धा योजनेपासून ह्या देशात हस्तोद्योगाच्या शिक्षणाचे पोवाडे गायले गेले. तेव्हाही आपली माणसे विचारीत होती, की आमच्या बापजाद्यांनी दुसरे काय केले? बाबासाहेबांनी सांगितले ते जातीची कामे टाका, शाळेत जा. कुंभाराच्या चाकावर सहलीतल्या मुलाचे बोट बरबटते आणि कुंभाराचे मूल त्याला पाणी आणून देते, असे दृश्य प्रस्तुत लेखकाने डोळ्यांनी पाहिले आहे. त्या दोघांत शिकत कोण होते?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लेखनाशी आपल्या साहित्याचे नाते जुने आहे, म्हणून तिकडचा एक दाखला इथे द्यावासा वाटतो. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातील वसाहतीच्या राजधानीचे गाव रॉकफेलरच्या पैशाने गेल्या शतकात पुन्हा उभे केले गेले. हाताने इतिहास शिकवण्याचे ते जगप्रसिद्ध ठिकाण. लोहार भाता चालवतो, मुले प्रश्न विचारतात. मूळ गावात निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची, बहुतेक गुलामांची होती. तरीही १९७९पर्यंत त्यांचे जीवन दाखवणारे कुणी तिथे नव्हते. गाव झाडूनपुसून गोरे. तिथल्या वीट पाडण्याच्या जागेवर पाहुण्यांची मुले अनवाणी पायांनी चिखल तुडवतात. मोठी मौज असते. त्या काळी हे काम गुलामांचे, त्यांच्या पोरांचेही होते. पुढे १० ऑक्टोबर १९९४ रोजी तिथल्या कृष्णवर्णीय विभागाने गुलामांच्या लिलावाचा प्रसंग भर रस्त्यात करून दाखवला. विभागाच्या प्रमुख ख्रिस्ती कोलमन ह्यांनी स्वतः विकल्या जाणाऱ्या गरोदर स्त्रीची भूमिका घेतली. कृष्णवर्णीयांच्याच संघटनांनी तीव्र निषेध केला, की आमच्या वेदनेचा तमाशा होतो आहे. विरोधाला आलेल्या एका नेत्याचे मत प्रयोग पाहून बदलले, बाकीच्यांचे बदलले नाही. दोन्ही बाजूंना म्हणणे आहे, आणि तो वाद इथे बसून निकालात काढण्याची घाई आम्ही करणार नाही. एवढे मात्र नोंदवतो, की तिथे निर्णय घेणारी स्त्री त्या इतिहासाची वारस होती. आपल्याकडे वाड्यातला कार्यक्रम कोण आखते?

त्या चिखलावरून आठवले. आपल्याकडेही वीटभट्टीवर चिखल तुडवणारी मुले आहेत. भट्ट्या पेटतात त्या दिवाळीनंतर. ऊसतोडीच्या बैलगाड्या आणि ट्रक निघतात तेही त्याच सुमारास. म्हणजे शाळांच्या सहलींचा हंगाम आणि ह्या मुलांचा गाव सोडण्याचा हंगाम एकच आहे. सहलीच्या यादीत त्यांची नावे नसतात ती वर्गणीमुळे नव्हे; ती त्या दिवसांत शाळेतच नसतात. अनुभवातून शिकण्याची त्यांची मात्र कुणी उणीव ठेवलेली नाही.

एवढी टीका करून हा लेखक हाताच्या शिक्षणाच्या विरुद्ध आहे असा समज होईल. तसे नाही. मी इतिहास शिकलो तो हातानेच, आणि ते शिकवायचे कुणाच्या मनात नव्हते. १९७२च्या दुष्काळात आमच्या घरातली तीन माणसे खडी फोडायला होती. बोटांना चिंध्या गुंडाळून माय दिवसभर हातोडी चालवायची. सुट्टीच्या दिवशी मीही बसायचो. खडीचे ढीग मोजून ब्रासवर पैसे मिळत. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे गणित मला शाळेच्या आधी ढिगाने शिकवले. पुढच्या हिवाळ्यात शाळेची सहल वेरूळला गेली. वर्गणी मायने कशी भरली हे मी तेव्हा विचारले नाही. कैलास लेण्यात सर मूर्तींची नावे सांगत होते आणि आम्ही वहीत उतरवून घेत होतो. मी मागच्या भिंतीशी होतो. भिंतीवर टाकीचे माग होते. ओळीने, तिरपे, एका हाताच्या अंतराएवढे. मी त्यावरून बोटे फिरवली. काम उजव्या हाताचे आहे, आणि वरून खाली येत केलेले आहे, हे मला कुणी सांगावे लागले नाही. मान वर करून त्या कड्याकडे पाहिले आणि मनात आले ते विचारून टाकले: "सर, एवढी खडी कुठं टाकली असंल?"

सगळा वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, खडीवाल्याला खडीच दिसायची. आणि भिंतीला हात लावू नको म्हणून दटावले.

सर वाईट नव्हते. आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, त्याने हे लेणे कोरवले, हे ते तळमळीने सांगत होते. हा प्रश्न इतिहासाचा आहे हे मात्र त्यांच्या शिक्षणाने त्यांना सांगितलेले नव्हते. वास्तविक कैलासाविषयी ह्याहून मोठा प्रश्न नाही. ते बांधलेले नाही, वरून खाली खोदून मोकळे केलेले आहे. जे दिसते त्याच्यापेक्षा जे काढून टाकले ते कितीतरी अधिक आहे. आणि जे काढून टाकले तेच मजुराचे काम. 'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' ही आपली म्हण पाहा. तिच्यात घाव सोसणारा दगड आहे, देव आहे. टाकी धरणारा हात नाही. मराठी भाषेने दगडाच्या दुःखाची चौकशी केली, पाथरवटाच्या नाही.

तरी वेरूळला एक जागा अशी आहे की जिथे लोकांनीच ही चूक दुरुस्त केली. दहाव्या लेण्याला पंडित चैत्यगृह म्हणतात. लोक म्हणतात सुताराचे झोपडे. लाकडी छताच्या वाशांसारखे वासे तिथे दगडात कोरले आहेत, आणि ते सुताराच्या नजरेनेच ओळखले. सुतार मंडळी तिथल्या बुद्धाला विश्वकर्मा समजून पूजायला येत, असे जुन्या इंग्रज अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्या नावातले अज्ञान आम्हाला कळते, बुद्धाचा देव झाला हेही खुपते. पण हाताने केलेले काम हाताने ओळखले, ही गोष्ट त्या नावात शिल्लक राहिली. कार्ल्याच्या चैत्यावर तर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेलेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्यात सुताराचे नाव सापडते, आणि सतराव्या शतकातील गडावर पाथरवटाचे सापडत नाही, ह्या फरकावर एक अख्खी सहल काढता येईल. चित्रांना हात लावू नये हे अजिंठ्यात पाळलेच पाहिजे; ती जपायची तर श्वाससुद्धा बेताने घ्यावा. पण टाकीचे माग डोळ्यांनी मोजता येतात, आणि त्यांना नाव देण्यासाठी घरी विचारता येते.

मी पुढे शिक्षक झालो आणि नोकरीत असेतो वर्गाला वेरूळला नेत राहिलो. मूर्तींची नावे कमी सांगितली. मुलांना पावलांनी चौक मोजायला लावायचो, मग पुस्तकातली मापे द्यायचो: लांबी २७६ फूट, रुंदी १५४, मागचा कडा १०७ फूट उंच. कडा पुढच्या बाजूला उतरत जातो म्हणून निम्मे धरा, मधल्या देवळाचा दगड वजा करा. मुले गाडीत बसून गणित करत यायची आणि आकडा वीस हजार ब्रासच्या आसपास कुठेतरी यायचा. ढोबळच होता, पण त्यावर भांडणे व्हायची. एवढा दगड फोडायला किती माणसे, किती दिवस, हे मला ठाऊक नव्हते. ते घरी विचारून या म्हणायचो. बहुतेक जण विसरत. एका वर्षी एक मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात आली आणि म्हणाली, "सर, आजीनं इचारलंय, नुसता दगड काढायचा होता का खडी पण करायची होती? दोन्हीचा भाव येगळा असतोय."